जुन्या प्रेमावर ब्लॅक कॉमेडी लिहिताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमधली हौशी एकांकिका लिहिणारी मुलंमुली मला संहिता वाचायला पाठवतात. हल्ली त्यातल्या बऱ्याच डेटिंग ॲप, ब्रेकअप आणि एक्स यांच्यावर असतात, आणि संहितेसोबत प्रश्नही तेच तेच येतात. ते इथे एकत्र केले आहेत. जो प्रश्न पडलाय तो थेट उघडा. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध आहे तिथे क्रमांक दिलाय.

१. ब्रेकअपवर विनोदी एकांकिका लिहिली की झालीच ना ती ब्लॅक कॉमेडी?

नाही. साध्या विनोदी नाटकात घोटाळा शेवटी मिटतो आणि प्रेक्षक सुटल्यासारखा हसतो. ब्लॅक कॉमेडीत काही मिटत नाही. पात्राचं खरोखर नुकसान झालेलं असतं, ते भरून येणार नसतं, आणि तरी प्रसंग असा रचलेला असतो की हसू आवरत नाही. हशा ओसरला की सभागृह एकदम गप्प होतं. ती शांतता आली नाही तर तुम्ही प्रहसन लिहिलंय. तेही उत्तम असू शकतं, फक्त त्याला ब्लॅक कॉमेडी म्हणू नका.

नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भरत सांगतो की हास्य शृंगारातून उपजतं, आणि शृंगाराची नक्कल म्हणजेच हास्य. मला ही या विषयाची किल्ली वाटते. प्रेम संपल्यावर माणूस प्रेमाची नक्कलच करत राहतो. तोच कॅफे, तेच टेबल, एकीला सांगितलेला लहानपणीचा किस्सा दुसरीला त्याच शब्दांत, त्याच ठिकाणी थांबून. बघणाऱ्याला हसू येतं, करणाऱ्याला आपण नक्कल करतोय हे ठाऊकही नसतं. तुमचं नाटक या दोघांच्या मधे आहे.

२. डेटिंग तर हलकाफुलका विषय. त्यात 'काळं' काय सापडणार?

टिंडर २०१२ साली आलं. तेव्हा अठरा वर्षांचे असलेले आज तिशी ओलांडून गेलेत. एवढ्या वर्षांत माणसं बदलत राहण्याची सवय झाली, पण आधीच्या माणसाची जागा रिकामी करायची सवय कुणाला लागली नाही. काळं तिथे आहे.

एका मुलीने लिहून आणलेला प्रसंग सांगतो. कॉलेज रोडवर मुलगा स्कूटर घेऊन उभा आहे. नवी मैत्रीण येते, सोमेश्वरला जायचं ठरलंय. तो तिला मागच्यासाठीचं हेल्मेट देतो. ती घालते. पट्टा दुसऱ्याच कुणाच्या हनुवटीच्या मापाचा आहे. ती म्हणते, "जरा सैल कर ना." तो पट्ट्याला हात लावतो, थांबतो आणि म्हणतो, "राहू दे, अशीच बसते ती." पुढची पाच मिनिटं ती आवळलेल्या गळ्याने बोलते. तिची नोकरी, तिचा भाऊ, तिला आवडणारी गाणी, सगळं घुसमटत्या आवाजात. तो आरशात बघून मान डोलावतो. वाचनाला पहिल्या मिनिटाला आम्ही खूप हसलो. चौथ्या मिनिटाला तिच्याकडे बघवेना.

यात एक्स रंगमंचावर येत नाही, तिचं नावही निघत नाही. एका पट्ट्यात ती पूर्ण आहे.

३. माझ्याकडे सध्या नुसता राग आहे. लिहायला बसू का?

बसा. रागात लिहिलेला पहिला खर्डा फेकू नका, पण त्याचा प्रयोगही लावू नका. त्या खर्ड्यात एक्स प्रत्येक प्रसंगात चुकीचा असतो आणि तुम्ही प्रत्येक प्रसंगात बरोबर. असं नाटक प्रेक्षक दहा मिनिटांत ओळखतो आणि त्याचं मन एक्सकडे झुकतं.

दुसऱ्या खर्ड्यात एक काम करा. एक्सला असा एक प्रसंग द्या ज्यात तो किंवा ती पूर्णपणे बरोबर आहे आणि तुमच्यासारख्या पात्राकडे उत्तर नाही. तो प्रसंग लिहिताना हात थांबतो. थांबू द्या, दोन आठवडे लागले तर लागू द्या. माझ्याकडे आलेल्या ज्या ज्या संहिता पुढे उभ्या राहिल्या, त्यांत हा प्रसंग होताच. जो माणूस सभागृहात नाही, ज्याला उत्तर देता येणार नाही, त्याच्यावर हसणं सोपं असतं. त्याचं उत्तर तुम्हालाच लिहायचंय.

४. नाव बदललं की पुरे ना?

नाशिकमध्ये तर मुळीच नाही. इथे मित्राच्या मित्राचा चुलतभाऊ निघतोच. कॉलेज एकच, क्लास एकच, गंगापूर रोडवरचा जिम एकच.

काही वर्षांपूर्वी आम्ही एक एकांकिका केली. लेखकाने मुलीचं नाव बदललं होतं, नोकरी बदलली होती, केसही आखूड केले होते. फक्त तिचं एक बोलणं ठेवलं होतं. प्रत्येक वाक्याच्या शेवटी ती "कळतंय ना?" म्हणायची. ते मलाच फार आवडलं होतं आणि दिग्दर्शक म्हणून ते ठेवायचा आग्रह माझा होता. प्रयोगाला तिसऱ्या रांगेत तिची मावसबहीण होती. पहिल्या "कळतंय ना?"ला हशा आला, तिसऱ्याला टाळी आली, आणि त्या बहिणीने पर्स उचलली आणि ती निघून गेली. विंगेतून मला ती दिसली. दुसऱ्या दिवशी आम्ही त्या मुलीची माफी मागितली. तिने शांतपणे एवढंच विचारलं, "मी खरंच इतकी हास्यास्पद बोलायचे का?" पुढचे प्रयोग आम्ही केले नाहीत.

म्हणून बदलायचं ते असं: बोलण्याची लकब, लकबीचा सूर, गाडी, सोसायटी, भावंडं, भेटीचं ठिकाण, घटनांचा क्रम. जमलं तर वयही. ठेवायचं ते एवढंच की नेमकं दुखलं कसं. कुणी उशिरा यायचं म्हणून दुखलं की वेळेवर येऊन फोनमध्ये बघत बसायचं म्हणून? तेवढं खरं असलं की बाकी सगळं रचलेलं चालतं.

५. तिची पत्रं किंवा व्हॉट्सॲप चॅट माझ्याकडे आहेत. जशीच्या तशी वापरू का?

नको. पत्राचा कागद तुमचा, मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार लिखाणावरचा हक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. चॅटलाही तोच न्याय लावा. शिवाय खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली स्पष्ट केलंय.

कायदा बाजूला ठेवला तरी खरं चॅट रंगमंचावर पडतं. त्यात "हम्म", "ओके", "जेवलास?" एवढंच असतं. त्याला वजन येतं ते तुम्ही तो मेसेज रात्री किती वेळा उघडला त्यामुळे. ते उघडणं लिहा.

६. आणि फोटो, व्हिडिओ? मागे पडद्यावर, धूसर करून?

नाही. धूसर करून नाही, चेहरा कापून नाही. फोटो काढताना संमती होती म्हणजे दाखवायलाही आहे असं होत नाही. स्त्रीच्या खासगी क्षणांबाबत भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७मध्ये हे स्वच्छ लिहिलंय. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ई पुरुषांनाही लागू आहे. असा फोटो अजून फोनमध्ये असेल तर नाटकाचा विचार पुढे, आधी तो काढून टाका.

७. 'सर्व पात्रे काल्पनिक' असं सांगितलं तरी बदनामीचा दावा होऊ शकतो का?

होऊ शकतो. ओळखणाऱ्याला माणूस ओळखू येतो का, हा खरा प्रश्न असतो. पाटीने तो सुटत नाही. १ जुलै २०२४पासून बदनामीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६मध्ये आहे आणि त्यात दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. "पण हे सगळं खरं आहे" एवढं म्हणणं तिथे पुरत नाही, ते सांगण्यात लोकहितही असावं लागतं. प्रश्न ४मधले बदल मनापासून केले असतील तर ही वेळ सहसा येत नाही. तरी धाकधूक वाटली तर वकिलाला संहिता वाचायला द्या. एका संध्याकाळचं काम आहे.

८. एक्सची परवानगी मागायची का?

याला एकच उत्तर नाही. तुमच्यात साधं बोलणं उरलं असेल तर सांगा, आणि संहिता वाचायला द्या. बोलणं तुटलं असेल आणि समोरच्याने संपर्क नको म्हटलं असेल तर परवानगीच्या निमित्तानेही मेसेज करू नका. "नाटकाबद्दल बोलायचं होतं" हा पुन्हा दार वाजवण्याचा बहाणा होतो, बऱ्याचदा तुमच्या स्वतःच्याही नकळत. अशा वेळी संहिता एवढी बदला की परवानगीची गरजच राहू नये.

९. घोस्टिंग, म्हणजे काही न सांगता अचानक उत्तर देणंच बंद करणं, रंगमंचावर दाखवायचं कसं? सगळं तर फोनमध्ये घडतं.

मला सर्वांत आवडणारा प्रश्न हाच. बहुतेकजण पडद्यावर मेसेज दाखवतात. प्रेक्षक वाचत बसतो आणि नटाकडे बघायचं सोडतो. पडदा काढा. अंधारात नटाच्या चेहऱ्यावर फोनचा उजेड पुरतो. उजेड विझला की कळतं, उत्तर आलं नाही. परत पेटतो, परत विझतो. तालमीत हा खेळ नुसता वीस मिनिटं करून बघा, कुठे हसू येतं आणि कुठे नको होतं ते नटालाच सापडतं.

घोस्ट करणाऱ्याला नाटकातूनही घालवा. एका संहितेत मी सुचवलं होतं की त्या पात्राने विंगेतून जाऊ नये. बोलता बोलता "आलोच" म्हणून पायऱ्या उतरावं, प्रेक्षकांमधून चालत मागच्या दाराने बाहेर जावं आणि परत येऊ नये. शेवटी सगळे नट नमस्काराला येतात तेव्हाही त्याची जागा मोकळी. प्रेक्षक टाळ्या वाजवता वाजवता माना वळवून दाराकडे बघतात. त्यांनाही उत्तर मिळालेलं नसतं.

मागे राहिलेल्या पात्राने मात्र रडू नये. त्याने कारणं शोधावीत. नेटवर्क नसेल, चार्जर विसरला असेल, आजी आजारी असेल, आजी वारली असेल. कारणं जितकी दयाळू, तितका प्रसंग काळा होत जातो.

१०. मला हे नाशिकचं वाटायला हवंय. मिसळ आणि गोदाघाट टाकू का?

नुसती नावं टाकून गाव येत नाही. नाशिक एक्सच्या गोष्टीत काय करतं ते बघा: नाशिक गाठ घालून देतं. मुंबईत एक्स हरवतो, इथे तो रविवारी सकाळी शेजारच्या टेबलावर तर्री मागत असतो. सोबत कुणीतरी असतं. सीबीएसला रिक्षात चढताना आत आधीच बसलेली त्याची आई निघते आणि सातपूरपर्यंत विचारत राहते, "तू घरी का गं येत नाहीस हल्ली?" तिला काहीच माहीत नसतं. हा प्रसंग नुसता लिहिला तरी अर्धी एकांकिका झाली.

रंगपंचमीची रहाड मात्र आवर्जून वापरा, अजून कुणी ती नीट वापरलेली मी पाहिलेली नाही. तिवंधा चौकातली असो की दुसरी, रहाड म्हणजे जुना मोठा हौद, वर्षभर जमिनीखाली बुजवलेला असतो, वरून गाड्या जातात, लोक भाजी घेतात. रंगपंचमीला तो उघडतात, रंगाचं पाणी भरतात आणि माणसं धप्पा मारतात. तो रंग दिवसचे दिवस अंग सोडत नाही. आता विचार करा: तुमचा नायक उडी मारतो, वर येतो, आणि समोर त्याच रंगात बुडालेली, ओळखू न येणारी ती. सोमवारी दोघं आपापल्या ऑफिसात, कानामागे तोच रंग घेऊन. तिच्या नवऱ्याने तो पाहिलेला आहे.

११. रामकुंडावर ब्रेकअपचं श्राद्ध दाखवलं तर? भन्नाट कल्पना आहे ना?

ही कल्पना नाशिकच्या प्रत्येक लेखकाला सुचते. बहुतेकांचा विनोद कावळ्यावर असतो: पिंडाला कावळा शिवत नाही, कारण एक्सची अमुक इच्छा राहिली. हे फार झालंय. दुसरं, सभागृहात आठवड्यापूर्वी खरोखर दशक्रिया करून आलेला माणूस बसलेला असू शकतो. तुमच्या रूपकासाठी त्याचं दुःख वापरायचं असेल तर बदल्यात काहीतरी खरं द्यावं लागतं.

एका मुलाने ते दिलं. त्याच्या संहितेत कावळा नाहीच. गुरुजी विचारतात, "नाव?" तो सांगतो. "गोत्र?" माहीत नाही. "वडिलांचं नाव?" तो थांबतो. चार वर्षं सोबत होती, इन्स्टाग्रामवर फक्त टोपणनाव आणि आडनाव. "आईचं?" नाही. गुरुजी रागवत नाहीत, मायेने म्हणतात, "असू दे, काहीतरी आठवेल, घाई नाही." आणि मागे रांग वाढत जाते. हशा रांगेतल्या माणसांच्या खोकण्यावर येतो. तो मुलगा मात्र दर्भ बोटात घालून आठवत बसलेला असतो. इथे श्राद्धाची टिंगल होत नाही, विधी त्याच्यापेक्षा मोठा राहतो. असं लिहिता येत असेल तर लिहा.

१२. पाठलाग, धमकी, आत्महत्या यांवर विनोद चालतो का? ब्लॅक कॉमेडीत तर सगळं चालतं म्हणतात.

सगळं चालत नाही. तिच्या बिल्डिंगखाली रोज उभा राहणारा मुलगा आपल्याकडे अजून 'बिचारा' म्हणून लिहिला जातो. नकार कळवूनही स्त्रीच्या मागे लागणं, फोनवर आणि नेटवर पाळत ठेवणं हा न्याय संहितेच्या कलम ७८खाली गुन्हा आहे. तो दाखवू नका असं मी म्हणत नाही, पण हशा तो स्वतःला काय समजतो त्यावर आला पाहिजे. ती कधी निघते, काय खाते, कुणाशी बोलते याची वही ठेवणारा आणि तिला 'काळजी' म्हणणारा माणूस हास्यास्पदही आहे आणि भयंकरही. तिच्या भीतीवर मात्र एकही हशा नको. वाचनाला बायका आणि पुरुष दोघांना बोलवा आणि कोण कुठे हसायचं थांबतं ते टिपून ठेवा.

आत्महत्येबाबत माझं मत पक्कं आहे. पद्धत दाखवू नका, चिठ्ठी वाचू नका, आणि मरून पात्राने भांडण जिंकलं असं तर कधीच दाखवू नका. प्रेक्षकांत तुटलेलं कुणीतरी असतंच. प्रयोगाच्या पत्रकावर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक छापा. तिथे कोणत्याही वेळी मोफत बोलता येतं.

१३. लोक भलत्याच ठिकाणी हसतात. काय करू?

आधी कोणतं हसू आहे ते ऐका. भरताने सहा सांगितलीत: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित, अतिहसित. पहिली दोन उत्तम माणसांची, शेवटची दोन अधम. ब्लॅक कॉमेडीला ओठांतलं स्मित आणि अवेळी फुटणारं अपहसित दोन्ही लागतात, पण क्रमाने. पहिल्या पाच मिनिटांतच लोक खदखदले तर पुढचा काळोख त्यांना दिसत नाही. सुरुवातीचे दोन पंच काढून टाका. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं.

१४. प्रयोगासाठी सेन्सॉर लागतं का? आणि हॉल कोणता घ्यावा?

महाराष्ट्रात जाहीर प्रयोगाआधी संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं, त्यालाच आपण सेन्सॉर म्हणतो. तारीख ठरवण्याआधी संहिता पाठवा. हॉलचं म्हणाल तर पहिला प्रयोग कालिदास कलामंदिरला करायची घाई नको. हे कुजबुजीचं नाटक असतं. वीस जणांसमोर घरात अभिवाचन करा, मग सावानाच्या, म्हणजे सार्वजनिक वाचनालयाच्या, परशुराम साईखेडकर नाट्यगृहाकडे वळा.

१५. माझं जुनं नातं समलिंगी होतं आणि त्याच्या घरी माहीत नाही. लिहू शकतो का?

तुमच्याबद्दल लिहा, मनमोकळं लिहा. सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८च्या निकालानंतर अशा नात्यात गुन्हा उरलेला नाही. पण त्याच्या घरी कधी सांगायचं हे त्याचं त्याने ठरवायचंय. प्रश्न ४मधली यादी तुमच्यासाठी दुप्पट कडक आहे. तुमचे दोघांचे मित्र ओळखतील असा एकही धागा ठेवू नका, गाव बदलावं लागलं तरी चालेल.

१६. प्रयोगाला बायको येणार आहे. तिला आधी सांगू?

हो. आणि संहिता तिने एकटीने वाचावी, तुम्ही समोर बसू नका.

१७. माझा एक्स आता हयात नाही. त्याच्यावर ब्लॅक कॉमेडी लिहिणं पाप आहे का?

हा प्रश्न मला एकदाच आला असता तर इथे घेतला नसता. तो पुन्हा पुन्हा येतो, आणि विचारणारे फार हळू आवाजात विचारतात.

पाप नाही. कायद्याचं आधी सांगतो: मृत व्यक्तीचीही बदनामी होऊ शकते, जर लिखाण तिच्या कुटुंबाच्या भावना दुखावण्याच्या हेतूने केलेलं असेल. तुमचा हेतू तो नसतो. तुमची अडचण वेगळी आहे. ब्रेकअप झालेल्या माणसाच्या मृत्यूचं दुःख करायला आपल्याकडे जागाच नाही. तुम्हाला कुणी कळवत नाही. इन्स्टाग्रामवर कुणाच्या तरी प्रतिक्रियेतून कळतं. घरी सांगता येत नाही, त्याच्या घरी जाता येत नाही.

अंबडच्या एका कंपनीत काम करणाऱ्या मुलीने यावर लिहिलं. तिची नायिका रजेचा अर्ज भरते. रकान्यात लिहिलंय, 'मयताशी नाते'. ती पेन धरून बसते. एचआरचे काका चष्म्यावरून बघतात आणि खरोखर मदत म्हणून सुचवतात, "मित्राला रजा नाही बेटा. मामेभाऊ लिही, तीन दिवस मिळतात." ती लिहिते. इथे हशा येतो. चौथ्या दिवशी ती कामावर येते तर टेबलावर सगळ्यांची सही असलेलं कार्ड. दुपारी काका डबा घेऊन शेजारी बसतात, भाकरीचा अर्धा तुकडा तिच्यापुढे सरकवतात आणि विचारतात, "मामा कसे आहेत? जेवतात का?" आणि ती त्यांना सांगू लागते. मामा जेवत नाहीत. मामा रात्री उठून बसतात. मामा अजून त्याचा नंबर लावून बघतात.